हरणांचा सोमवार

डन्स फोर्ड, ग्रेव्हली काउंटी
वेस्ट व्हर्जिनिया
८ जानेवारी

श्री. ओकी हॅमरिक यांस,

तुम्ही दोनदा माझा फोन मध्येच ठेवलात, म्हणून पत्र लिहीत आहे.

डेल्फियाला जाऊन आज शेहेचाळीस दिवस झाले. ती माझी पत्नी होती आणि तुमची बहीण होती. ज्या पिस्तुलाने ती गेली ते तुमच्या दुकानातून विकले गेले होते. हे मला शेरीफने अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी सांगितले. तुम्ही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी शवपेटी उचलायला तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात.

१३ फेब्रुवारीला चार्ल्सटनमध्ये राज्याच्या सिनेटची एक समिती एका विधेयकावर लोकांचे म्हणणे ऐकणार आहे. आजची पद्धत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. घेणारा फॉर्म भरतो, दुकानदार त्याचे नाव तपासणीसाठी कळवतो आणि तिकडून तीनपैकी एक उत्तर येते: द्या, देऊ नका किंवा थांबा. 'थांबा' आल्यावर तीन कामाच्या दिवसांत पुढे काहीच कळले नाही, तर बंदूक द्यायची की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर सोडलेले आहे. विधेयक म्हणते, उत्तर आल्याशिवाय द्यायची नाही. मी त्या दिवशी समितीपुढे बोलणार आहे.

मला तुमच्याकडून एक पान हवे आहे. गुरुवार १६ नोव्हेंबरला त्या माणसाने फॉर्म भरला, तुम्हाला 'थांबा' असे उत्तर आले आणि बुधवार २२ नोव्हेंबरला दुसरे कोणतेही उत्तर नसताना तुम्ही पिस्तूल त्याच्या हातात दिले. एवढेच, सहीसह. माझ्या एकट्याच्या बोलण्याला ते दुःखी माणसाचे बोलणे म्हणतील. विकणाऱ्याची सही असली तर तसे म्हणता येणार नाही.

डेन्झिल कटलिप

*

१२ जानेवारी

डेन्झिल,

'श्री. ओकी हॅमरिक यांस'! वा रे वा. लग्नाच्या दिवशी तुझा टाय मी बांधला होता. सोळा वर्षांचा होतो मी. तेव्हापासून एकतीस वर्षं 'ओकी, जरा ट्रक दे', 'ओकी, पाइप फुटलाय', आणि आता मी एकदम 'श्री.' झालो. चार मैलांवर राहतोस आणि पत्र पोस्टात टाकतोस. आपलं टपाल आधी चार्ल्सटनला जातं, मग परत येतं. तुझ्या शिव्या एवढा डोंगर फिरून येईपर्यंत गार होतात, ठाऊक असू दे.

पान मिळणार नाही.

मी कायदा मोडलेला नाही. तपासनीस दोन दिवस माझ्या दुकानात बसून होते. वीस वर्षांचे फॉर्म उपसले, माझी कॉफी प्यायले, आणि एक स्वल्पविराम चुकलेला सापडला नाही. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. शुक्रवार, सोमवार, मंगळवार. मी मोजले. बुधवारी दिलं. माझ्या जागी कुणीही दिलं असतं. मी नसतं दिलं तर त्या ड्वेन स्किडमोरने कुठल्या तरी चुलतभावाच्या ट्रकमधून उचललं असतं, आणि तिथे ना फॉर्म ना तपासणी. तुझं विधेयक त्या ट्रकला हात लावणार आहे का? नाही. ते लावणार फक्त माझ्यासारख्याला, जो दार उघडं ठेवून, पाटी लावून धंदा करतो.

आणि ती माझी बहीण होती हे मला पत्रातून कळवू नकोस. तू तिला भेटायच्या आधी ती मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायची.

ओकी

*

१६ जानेवारी

ओकी,

'श्री.' काढून टाकले आहे. त्याने काही बदलत नाही.

'माझ्या जागी कुणीही दिलं असतं' असे तू लिहितोस. तुझ्या वडिलांनी दिले नसते. त्यांच्या गल्ल्याखाली कॉफीचा एक लाल डबा असे. 'थांबा' आलेला फॉर्म ते घडी घालून त्या डब्यात टाकत आणि उत्तर येईपर्यंत बंदूक मागच्या खोलीत ठेवत. एकदा एक माणूस तीन आठवडे रोज येऊन त्यांना शिव्या देऊन जात होता. ते म्हणाले, "कायदा मला देऊ देतो. मला द्यायलाच लावत नाही." हे मी डेल्फियाकडून ऐकले आहे. तिला त्यांचा अभिमान होता. तो डबा आज कुठे आहे?

तू त्या सकाळबद्दल मला एकदाही विचारले नाहीस, म्हणून मीच लिहितो. डेल्फिया शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती. तिच्याबरोबर काम करणारी ट्रेसा नवऱ्याच्या मारामुळे सोमवारपासून आमच्याकडे राहत होती. गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास दोघी ओव्हनमधून पंपकिन पाय काढत होत्या. दारावर थाप पडली. तू अकराला पाव घेऊन येणार होतास. तू लवकर आलास असे डेल्फियाला वाटले. तिने आतूनच हाक दिली, "दार उघडंच आहे, ओकी."

ट्रेसा तळघरात पळाली म्हणून वाचली. हे तिनेच मला सांगितले. डेल्फियाचे शेवटचे शब्द ते होते. दार तिने तुझ्यासाठी उघडे ठेवले होते आणि आत आले ते तुझे गिऱ्हाईक.

पान पाठव.

डेन्झिल

*

२० जानेवारी

डेन्झिल,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि शटर ओढून घेतलं. दुपारी दोनला. असं मी बाबा गेले तेव्हाही केलं नव्हतं. तुला हेच हवं होतं ना? मिळालं.

आता माझं ऐक. तुझ्या घरात सात बंदुका आहेत. त्यांतल्या पाच मीच तुला विकल्या, एक फुकट दिली. सगळ्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुठे होती? तुझ्या शिकारीच्या कोटाच्या खिशात. कोट कुठे होता? तुझ्या अंगावर. आणि तू कुठे होतास? डोंगरावर, झाडावरच्या मचाणात. तुझ्या घरात मारकुट्या नवऱ्याची बायको लपलेली, तो तिला शोधत फिरतोय हे तुला माहीत, आणि तू किल्ली घेऊन हरणं मारायला गेलास. तायडी माझ्या आईच्या हाताखाली नेम धरायला शिकली होती. चाळीस पावलांवरचा डबा उडवायची. तिच्या हातात एक जुनी शॉटगन असती तर आज तो दारात पडला असता आणि आपण सगळे तिने केलेला पंपकिन पाय खात बसलो असतो. तू समितीला हे सांगणार आहेस का? की फक्त माझ्या दुकानाचं नाव?

आणि एक. मी नुसते दिवस मोजत बसलो नव्हतो. तो माणूस मला बरोबर वाटत नव्हता. फार हसत होता. त्याच्या नावावर इथल्याच काउंटीची काहीतरी केस असणार, नाहीतर 'थांबा' कशाला येईल? म्हणून सोमवारी सकाळी नऊला मी तुझ्या कोर्टात फोन केला. म्हटलं, डेन्झिल बघून सांगेल. काय ऐकू आलं सांगू? तुझा आवाज. टेपवर.

"ग्रेव्हली काउंटी मॅजिस्ट्रेट कोर्ट. हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस असल्यामुळे आज कार्यालय बंद आहे. तुम्ही माणूस असाल तर उद्या फोन करा. हरीण असाल तर पळा."

सगळा गाव दरवर्षी हसतो त्या टेपवर. मीही हसलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही ऐकवलं.

क्लार्कसाहेब, मी का दिलं हे मला विचारता, तसं कोर्टातून उत्तर का गेलं नाही हे आरशात विचारा.

ओकी

*

२७ जानेवारी

ओकी,

किल्लीबद्दल तू लिहिलेस ते खरे आहे. त्यावर मला काही म्हणायचे नाही. ते रोज माझ्याबरोबर उठते.

टेपवरचा आवाज माझा आहे. तो मजकूर मी अकरा वर्षांपूर्वी रेकॉर्ड केला. न्यायाधीशांना आवडला, म्हणून दरवर्षी तोच लावतो.

कोर्टाचा भाग मी तुला आधी सांगायला हवा होता. तपासणी कार्यालयाकडून आम्हाला फॅक्स आला होता. त्या माणसाला २०१९ मध्ये ट्रेसाला मारल्याबद्दल अटक झाली होती. अटकेची नोंद त्यांच्याकडे होती, निकालाची नव्हती. निकाल आमच्या कपाटात होता. दोषी. दोषी असेल तर त्याला बंदूक घेता येत नाही. फॅक्समध्ये तीन चौकोन असतात: दोषी, निर्दोष, खटला रद्द. एकावर खूण करायची आणि परत पाठवायचा. एवढेच काम.

तो फॅक्स शुक्रवारी संध्याकाळी चार वाजून पन्नास मिनिटांनी आला. आमचे कार्यालय साडेचारला बंद होते. सोमवारी काउंटीची सगळी कार्यालये बंद होती. राज्याची मात्र उघडी होती, म्हणून तपासणीच्या हिशोबात सोमवार कामाचा दिवस धरला गेला. इथे त्या दिवशी कुणी काम करत नाही. शाळाही बंद असतात. पण ज्यांनी तीन दिवसांचा नियम केला त्यांना हे माहीत नव्हते, आणि आम्हाला त्यांचा नियम माहीत असूनही आम्ही कधी एकत्र ठेवून पाहिले नाही. सुट्टीनंतर सत्तावीस तारखेला मी कार्यालयात गेलो तेव्हा तो कागद ट्रेमध्ये होता. तोपर्यंत डेल्फियाला पुरून दोन तास झाले होते.

म्हणूनच मी विधेयकाच्या बाजूने बोलतो आहे. कार्यालये बंद राहतात. माणसे चुकतात. उत्तर आले नाही तर दुकानदाराने थांबावे, एवढेच ते म्हणते. माझ्याकडून उशीर झाला, हे मी समितीला सांगेन. तू थांबला असतास तर माझ्या उशिराने कुणी मेले नसते.

पान अजून आलेले नाही.

डेन्झिल

*

१ फेब्रुवारी

डेन्झिल,

छान लिहितोस. शुक्रवारी चार पन्नास. सोमवारी बंद. सत्तावीसला सापडला. सगळं कसं इस्त्री केल्यासारखं.

मंगळवारचं काय?

मंगळवारी कोर्ट उघडं असतं. तुझी टेपच म्हणते, उद्या फोन करा. आणि मंगळवारी तू तिथे होतास. मी दहाच्या सुमारास बँकेतून येत होतो. तुझा ट्रक कोर्टासमोर उभा होता, मागे आठ टोकांच्या शिंगांचा नर पडलेला, जीभ बाहेर. तू कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतास. मी हॉर्न दिला. तू हात वर केलास. मी खिडकीतून ओरडलो, "कुणाच्या कळपातला पळवलास रे?" आणि तू हसलास. आठवतंय? तो तुझा हसलेला चेहरा मी शेवटचा पाहिला.

म्हणजे मंगळवारी सकाळी तू आत होतास आणि तो कागदही आत होता.

तू माझ्याकडे पान मागतोस ना? तर सौदा ऐक. आधी तुझं पान पाठव. खरं. मग माझं पाठवतो. आणि ते तुझ्या इस्त्रीच्या भाषेत नको.

विधेयकाला माझा विरोध होता, आहे आणि राहील. त्या दिवशी चार्ल्सटनला बंदूकवाल्यांच्या संघटनेची दोन माणसं बोलणार आहेत. त्यांनी मला फोन केला होता, "तुम्ही या, दुकानदाराची बाजू मांडा." मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. तुझ्या पत्रावर अवलंबून आहे.

ओकी

*

८ फेब्रुवारी

ओकी,

सहा दिवस हे पत्र लिहितो आहे.

मंगळवारी नऊ वाजता मी कार्यालयात गेलो. हरीण मी सोमवारी संध्याकाळी मारले होते. आदल्या रात्री थंडी होती, पण मंगळवारी ऊन निघाले आणि मला मांसाची काळजी वाटू लागली. कापून देणारा साडेदहानंतर नवे घेत नव्हता. त्याच्याकडे आधीच चाळीस टांगलेली होती.

फॅक्सच्या ट्रेमध्ये नऊ कागद होते. तो सर्वांत वर होता. मी तो उचलला आणि नाव वाचले. ड्वेन स्किडमोर. निकालाची नोंद मीच लिहिली होती, त्यामुळे मला कपाट उघडायचीही गरज नव्हती. मला निकाल पाठ होता. फॅक्सवर 'शस्त्र खरेदीसाठी तपासणी, तातडीचे' असे छापलेले होते. मी तेही वाचले.

ट्रेसा त्या क्षणी माझ्या घरात होती. तिच्याबद्दल आदल्या संध्याकाळी डेल्फियाने मला सांगितले होते. मी हरीण धूत होतो. "ट्रेसा राहायला आलीये काही दिवस, त्याच्यामुळे," एवढे ऐकले आणि "बरं" म्हणालो. तो कागद हातात असताना मी ट्रेसा आणि ते नाव जोडले का, असे तू विचारशील. मला खरेच माहीत नाही. जोडले असते तर थांबलो असतो, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. पण कधी कधी वाटते की जोडले होते, आणि तरीही वाटले की दुपारनंतर करू.

मी कागद स्टेपलरखाली ठेवला, म्हणजे उडू नये. दहा वाजता बाहेर पडलो. तू हॉर्न दिलास. कापणाऱ्याकडे दोन तास रांग होती. मग तिथूनच घरी गेलो. बुधवारची मी रजा टाकली होती.

पेनाने एक खूण आणि एक बटण. अर्धे मिनिट. तुला बुधवारी सकाळी उत्तर मिळाले असते.

आणखी एक आहे. हे मी कुणालाच सांगितलेले नाही. गुरुवारी सकाळी मचाणात असताना मी दोन गोळ्या ऐकल्या. आमच्या घराच्या दिशेने. त्या आठवड्यात गोळीच्या आवाजाने इथे कुणी मान वळवत नाही. मी घड्याळ पाहिले आणि मनात म्हटले, कुणाला तरी चांगला मिळाला. मग आणखी एक तास तिथेच बसून राहिलो.

हे माझे पान. यातला मंगळवारचा भाग मी वेगळ्या कागदावर लिहून सही केली आहे. तो सोबत आहे. समितीपुढे तोच वाचेन. त्याची एक प्रत न्यायाधीशांना आज सकाळी दिली.

तुझ्याकडून मी आता काही मागत नाही.

डेन्झिल

*

१० फेब्रुवारी

डेन्झिल,

हे टपालात टाकलं तर तेरा तारखेपर्यंत पोचणार नाही, म्हणून तुझ्या पेटीत स्वतः टाकतोय. घरात दिवा होता. मी दार वाजवलं नाही.

तुझं पत्र वाचून वाटलं की येऊन तुझं तोंड फोडावं. ट्रकमध्ये बसलोही होतो. मग उतरलो.

सोबत माझं पान आहे. तारखा आहेत, सही आहे. त्यात एक ओळ तू मागितली नव्हतीस, ती मी घातली आहे. बुधवारी सकाळी तो आला तेव्हा मी म्हटलं, "अजून उत्तर नाही, शुक्रवारी ये." तो म्हणाला, "नियम काय ते मला ठाऊक आहे. तुला नको असेल तर हायवेवरच्या मोठ्या दुकानात जातो." दुकानात चौघं उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पिस्तूल काउंटरवर ठेवलं. त्याला घाबरलो नव्हतो. मी नियमाला घाबरणारा दुकानदार आहे असं त्या चौघांना वाटू नये, एवढंच.

बाबांचा डबा घरीच आहे. त्यात खिळे आहेत.

तिथे दोन्ही पानं वाच. फक्त माझं वाचलंस तर मी मागून उठून तुझं वाचेन, प्रत करून ठेवलीये. फक्त तुझं वाचून संतासारखा उभा राहिलास तरी उठेन. तायडीच्या मरणात आपला दोघांचा वाटा आहे. तुला तो एकट्याला घेऊ देणार नाही.

विधेयकाला माझा विरोधच आहे.

ओकी

*

१६ फेब्रुवारी

ओकी,

दोन्ही पाने वाचली. प्रत्येक बोलणाऱ्याला तीन मिनिटे होती. माझी साडेचार झाली, अध्यक्षांनी थांबवले नाही.

तू शेवटच्या रांगेत होतास. टोपी गुडघ्यावर होती. मी पाहिले. तू उठला नाहीस, संघटनेच्या माणसांशीही बोलला नाहीस, आणि मी बाहेर येईपर्यंत तुझा ट्रक निघून गेला होता. म्हणून शेवटचा भाग तुला माहीत नसेल.

एका सदस्याने मला विचारले, "म्हणजे कटलिप, तुमचं कोर्ट उघडं असतं आणि तुम्ही तुमचं काम केलं असतं, तर या कायद्याची गरजच नव्हती. बरोबर?"

मी म्हणालो, "हो, साहेब. आणि दुकानदार थांबला असता, तर मी काम केलं की नाही याची गरज नव्हती."

ते म्हणाले, "चूक एका कारकुनाची, आणि शिक्षा प्रत्येक प्रामाणिक घेणाऱ्याला?"

मी म्हणालो, "प्रामाणिक घेणाऱ्याला शिक्षा म्हणजे चार दिवस उशीर, साहेब. माझ्या बायकोला वेगळी झाली."

मग अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचे नाव पुकारले. मत घेतलेच नाही. विधेयक समितीच्या कपाटात ठेवले आहे. ते तिथून बाहेर येत नाही, असे मला शिपायाने जिन्यात सांगितले.

न्यायाधीशांनी मला ३१ डिसेंबरला नोकरी सोडायला सांगितले आहे. त्याआधी काढले तर चौकशी होईल, आणि ती कुणालाच नको आहे. मी चौकशी मागितली होती.

तू तिथे आलास याबद्दल आभार मानणार नाही. तुला ते आवडणार नाही, आणि मलाही मानावेसे वाटत नाहीत.

डेन्झिल

*

२५ नोव्हेंबर
मॅजिस्ट्रेट कोर्ट, डन्स फोर्ड

ओकी,

नऊ महिन्यांत आपण लिहिले नाही. आज लिहितो, कारण आज हरणांच्या मोसमाचा पहिला सोमवार आहे.

काउंटीने नेहमीप्रमाणे सुट्टी जाहीर केली. मी न्यायाधीशांकडे आजच्या दिवसासाठी किल्ली मागितली. ते म्हणाले, "पगार मिळणार नाही, डेन्झिल. बॉयलरही बंद असेल." मी कोट घालून बसलो आहे. शिकारीचा नाही, तो मी देऊन टाकला. कपाटातल्या सात बंदुका शेरीफकडे दिल्या. मी शिकारीच्या विरोधात गेलेलो नाही. मला आता गोळीचा आवाज ऐकून मान वळवल्याशिवाय राहवत नाही, आणि असा माणूस मचाणात बसू शकत नाही.

टेप पुसली आहे.

शुक्रवारी साडेचारनंतर तीन फॅक्स आले होते. तीनही शस्त्र खरेदीचे. एक निर्दोष, एक रद्द, एक दोषी. साडेनऊपर्यंत तिन्ही परत पाठवले. दोषी असलेल्याची फाइल मी दोनदा पाहिली. कुणाच्या दुकानातला फॉर्म आहे हे फॅक्सवर लिहिलेले नसते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला, नाव सांगितले. पलीकडून कुणी बोलले नाही. थोड्या वेळाने ठेवला.

पुढच्या वर्षी माझ्या जागी कोण असेल आणि तो आजच्या दिवशी येईल का, मला माहीत नाही. त्याला चिठ्ठी लिहून ट्रेमध्ये ठेवणार आहे. त्याच्याकडून ती स्टेपलरखाली जाईल, असे समजूनच लिहीन.

गुरुवारी सकाळी मी थडग्यावर जाणार आहे. तू कधी जातोस ते कळव, म्हणजे मी त्या वेळी जाणार नाही.

डेन्झिल

*

२६ नोव्हेंबर

डेन्झिल,

मी दहाला जातो. तू बाराला जा. बाजूच्या कुंडीला हात लावू नकोस, ती माझी आहे.

माझ्याकडे गुरुवारी एक 'थांबा' आला होता. मी फॉर्म बाबांच्या डब्यात टाकला. खिळे बरणीत ओतले. तो काल सकाळी उजाडताच आला, "तीन दिवस मंगळवारी संपतात, बुधवारी देणार ना?" म्हणून. दुकानात सहा जण होते, सगळे नारिंगी टोप्या घालून, जंगलात जायच्या घाईत. मी म्हटलं, "बुधवारी नाही, गुरुवारी नाही, ख्रिसमसलाही नाही. उत्तर आलं की देईन." एक जण म्हणाला, "ओकी, तू पण चार्ल्सटनवाल्यांचा झालास का रे?" मी म्हटलं, "अजून नाही. आणि तुला दारूगोळा उधार मिळणार नाही."

तो हटून दुकानातच बसून राहिला. पावणेदहाला तपासणीवाल्यांचा फोन आला. देऊ नका. त्या माणसाने जाताना नट-बोल्टांच्या पिंपाला लाथ घातली. तास झाला तरी मी बोल्ट वेचत होतो.

ते तुझ्या कागदामुळे होतं की नाही, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. तुला मी माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस.

नऊ दहाला फोन मीच केला होता. मला वाटलं, टेप लागेल. तू दुसऱ्याच घंटीला उचललास.

ओकी